डायलिसिसच्या मात्रेने ताट भरत नाही

मूत्रपिंडविकाराच्या क्षेत्रात गेली तीस-पस्तीस वर्षे एक समज ठाण मांडून बसला आहे. डायलिसिसची मात्रा वाढवली की रक्तातली विषारी द्रव्ये घटतात. ती घटली की मळमळ जाते, भूक लागते. भूक लागली की प्रथिने पोटात जातात आणि अंग भरते. तेव्हा रुग्ण वाळत चालला असेल तर आधी डायलिसिस वाढवा, आहाराचे आपोआप मार्गी लागेल. ही साखळी ऐकायला इतकी सरळ आहे की तिची एकेक कडी ओढून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. मला ते अत्यंत गरजेचे वाटते, कारण ती कच्ची निघाली तर तिची किंमत रुग्ण आपल्या स्नायूंनी मोजतो.

माझी भूमिका आधीच सांगतो. एका किमान मर्यादेपर्यंत हे म्हणणे खरे आहे. त्या मर्यादेच्या वर ते खरे नाही. आणि ते सर्वत्र खरे आहे असे ज्या पुराव्यावरून वाटते, त्या पुराव्याचा बराच मोठा भाग हा आकडेमोडीतून निर्माण झालेला भास आहे.

पूर्वपक्ष मात्र दुबळा नाही, आणि तो त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. अमेरिकेतल्या नॅशनल कोऑपरेटिव्ह डायलिसिस स्टडी या अभ्यासाचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे दीडशे रुग्णांची चार गटांत विभागणी करून, रक्तातला युरिया कमी ठेवला तर काय होते आणि जास्त राहू दिला तर काय होते, हे त्यात पाहिले गेले. युरिया जास्त राहिलेले रुग्ण जास्त आजारी पडले, जास्त वेळा रुग्णालयात दाखल झाले. १९८५ मध्ये गॉच आणि सार्जंट यांनी याच माहितीची नव्याने मांडणी केली आणि त्यातून आज प्रत्येक डायलिसिस युनिटच्या फाइलमध्ये दिसणारा आकडा रूढ झाला : केटी/व्ही. मग १९८९ मध्ये कॅनडातल्या लंडन शहरातले लिंडसे आणि स्पॅनर यांनी एक सिद्धांत मांडला. रुग्ण किती प्रथिने खातो हे त्याला मिळणाऱ्या डायलिसिसच्या प्रकारावर व प्रमाणावर अवलंबून असते, असे त्यांचे म्हणणे होते. केटी/व्ही आणि प्रथिनांच्या विघटनाचा दर, म्हणजे एनपीसीआर, हे दोन आकडे आलेखावर मांडले की एकाबरोबर दुसरा वर चढताना दिसतो, हा त्यांचा आधार.

जीवशास्त्रही या बाजूला थोडे उभे आहे. मूत्रपिंडाचे काम घटत जाते तसतसा रुग्ण कोणी न सांगता प्रथिने कमी खाऊ लागतो, मांसाची शिसारी येते, तोंडाला धातूसारखी चव राहते, हे डॉक्टरांनाच नव्हे तर घरच्या माणसांनाही ठाऊक असते. स्टॉकहोमच्या बर्गस्ट्रोम यांच्या चमूने युरेमियाच्या, म्हणजे रक्तात विषारी द्रव्ये साचलेल्या, रुग्णांच्या शरीरद्रवातून मध्यम आकाराचे रेणू वेगळे काढून उंदरांना टोचले, तेव्हा उंदरांचे खाणे घटले. म्हणजे भूक मारणारे काहीतरी त्या रक्तात खरोखरच असते. डायलिसिस अगदीच अपुरे असेल तर जेवण जात नाही, आणि ते पुरेसे केले की जाऊ लागते. एवढा भाग मला मान्य आहे. वाद आहे तो यापुढे.

त्यासाठी हे दोन आकडे कसे तयार होतात ते पाहू. के म्हणजे डायलायझर दर मिनिटाला जेवढे रक्त युरियापासून पूर्ण स्वच्छ करतो ते प्रमाण. टी म्हणजे वेळ. व्ही म्हणजे रुग्णाच्या शरीरातले एकूण पाणी, ज्यात युरिया विरघळलेला असतो. मिनिटाला २०० मिलिलिटर या हिशेबाने चार तासांत ४८ लिटर स्वच्छ होतात. शरीरात पाणी ४० लिटर असेल तर केटी/व्ही आला १.२. प्रत्यक्षात व्ही कोणी मोजत नाही. डायलिसिसच्या आधी आणि नंतर रक्ताचे नमुने घेतात, युरिया किती टक्क्यांनी घटला ते पाहतात, आणि सूत्रातून केटी/व्ही काढतात. एनपीसीआरही युरियावरूनच निघतो. प्रथिने मोडली की त्यातला नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपाने बाहेर पडतो. एका डायलिसिसच्या शेवटापासून पुढच्या डायलिसिसच्या सुरुवातीपर्यंत युरिया किती चढला यावरून किती प्रथिने मोडली ते कळते. रुग्णाचे शरीर स्थिर असेल, तर जेवढी मोडली तेवढीच खाल्ली असे धरले जाते.

म्हणजे डायलिसिस संपतानाचा रक्ताचा तो एक नमुना दोन्ही आकड्यांत बसलेला आहे. तो कसा घेतला जातो ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. नियम असा की डायलिसिस संपताना पंपाचा वेग मिनिटाला १०० मिलिलिटर किंवा त्याहून खाली आणायचा, पंधरा सेकंद थांबायचे, आणि मगच रुग्णाकडून मशीनकडे जाणाऱ्या नळीतून रक्त घ्यायचे. पंप पूर्ण वेगात असताना नमुना ओढला आणि फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीत, रक्त उलटे फिरत असेल, तर मशीनमधून नुकतेच स्वच्छ होऊन आलेले रक्त नमुन्यात मिसळते. पुढची पाळी दारात उभी असते, टेक्निशियनच्या हाताशी चार मशीन असतात, आणि ते पंधरा सेकंद राहून जातात.

आता हिशेब करू. ५० किलो वजनाचा रुग्ण, चार तासांचे डायलिसिस, दोन लिटर पाणी काढले. आधीचा ब्लड युरिया १२८, नंतरचा खरा ४५. दौगिर्दास यांच्या प्रचलित सूत्राने केटी/व्ही येतो १.२५. नमुना चुकीचा घेतल्यामुळे तोच युरिया ३८ दिसला, तर केटी/व्ही होतो १.४५. पुढच्या वेळी डायलिसिसआधीचा युरिया ११० आला असे समजा. खरी चढण ६५ ची. चुकीच्या नमुन्याने ती दिसेल ७२ ची. म्हणजे प्रथिनांचा आकडाही सुमारे दहा टक्क्यांनी फुगला. रुग्णाला ना जास्त डायलिसिस मिळाले, ना त्याने एक घास जास्त खाल्ला; तरी आलेखावर त्याचा ठिपका वर आणि उजवीकडे सरकला. शंभर रुग्णांच्या नमुन्यांत अशा लहानमोठ्या चुका दोन्ही दिशांना होत राहिल्या, तर त्यांतूनच एक सुंदर चढती रेषा तयार होते.

नमुने निर्दोष असले तरी अडचण सुटत नाही. डेपनर आणि दौगिर्दास यांनी १९९६ मध्ये एनपीसीआर काढण्याची जी सोपी सूत्रे दिली, त्यांत केटी/व्ही हाच एक घटक आहे. आठवड्याच्या पहिल्या डायलिसिसआधी दोन रुग्णांचा युरिया अगदी सारखा, १२८ आहे. एकाचा केटी/व्ही १.०, दुसऱ्याचा १.४. सूत्रात घातल्यावर पहिल्याचा एनपीसीआर येतो ०.८०, दुसऱ्याचा ०.९०. या हिशेबाला स्थिर अवस्थेत अर्थ आहे, तो चुकीचा नाही. पण ज्या आकड्याच्या पोटात केटी/व्ही आहे, तो केटी/व्हीबरोबर हलतो हे दाखवून दोघांत कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. तर्कशास्त्रात याला साध्यसमाचा दोष म्हणतील : जे सिद्ध करायचे तेच हेतूत दडलेले.

पोटाच्या डायलिसिसमध्ये हा दोष आणखी उघडा पडतो. तिथे दिवसभरात पोटातून काढलेले द्रावण एकत्र करून त्यातला युरिया मोजतात. त्याच युरियाला रक्तातल्या युरियाने आणि शरीरातल्या पाण्याने भागले की केटी/व्ही. त्याच युरियाला वजनाशी लावले की प्रथिनांचा आकडा. मँचेस्टरच्या हार्टी, गोकल आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये, पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णांत हा आकडा पोषणाचा सदोष निदर्शक आहे, असे शीर्षकातच म्हटले. वजनाने भागण्याचा आणखी एक परिणाम होतो. रुग्ण खंगला, वजन उतरले, की भाजक लहान होतो आणि दर किलोमागचे प्रथिन वाढलेले दिसते.

रक्ताच्या डायलिसिसमध्येही व्हीची हीच गत आहे. वर ४० लिटर पाणी असलेल्या रुग्णाचा केटी/व्ही १.२ आला होता. दीड-दोन वर्षांत त्याचे स्नायू झडले. स्नायूंत पाणी जास्त असते, म्हणून शरीरातले पाणी ३२ लिटरवर आले. मशीन तेच, डायलायझर तोच, वेळ तोच. ४८ भागिले ३२, म्हणजे १.५. फाइलमध्ये डायलिसिस सुधारल्याची नोंद होते, आणि तो माणूस पँटला दोरी बांधून येत असतो. चेर्टो, ओवेन, लोरी आणि इतरांनी १९९९ मध्ये दाखवले की युरिया घटण्याचे प्रमाण फार जास्त असलेल्या रुग्णांत मृत्यू पुन्हा वाढताना दिसतात, आणि त्याचे एक मोठे कारण त्या रुग्णांची देहयष्टी लहान असते हे आहे. आपल्याकडे, जिथे बहुसंख्य रुग्ण मुळातच हडकुळे आहेत, तिथे चांगला केटी/व्ही पाहून निर्धास्त होणे हे विशेष धोक्याचे आहे.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. एनपीसीआर मोडलेली प्रथिने मोजतो. ती कुठून आली ते त्याला कळत नाही. मानेतल्या कॅथेटरला जंतुसंसर्ग झाला, ताप आला, रुग्णाने तीन दिवस पेजेवर काढले, आणि शरीराने आपलेच स्नायू मोडायला घेतले, तरी युरिया वाढतो आणि आकडा सांगतो की प्रथिने व्यवस्थित चालू आहेत.

कोणी म्हणेल, आकडे सदोष असतील, पण मूळ दावा खरा असू शकतो. हा आक्षेप योग्य आहे. सूत्रातला दोष दाखवल्याने सिद्धांत खोटा ठरत नाही, फक्त असिद्ध राहतो. त्याला खरे-खोटे ठरवायचे तर चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला जास्त मात्रा द्यायची, आणि पोषण मोजताना युरियाशी संबंध नसलेली मापे वापरायची. ते काम झाले आहे.

हेमो अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतले १,८४६ रुग्ण, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एका गटाला नेहमीची मात्रा, दुसऱ्याला वाढीव. प्रत्यक्षात मिळालेला सरासरी केटी/व्ही पहिल्या गटात १.३२ आणि दुसऱ्यात १.७१ होता, म्हणजे फरक नावापुरता नव्हता. मृत्यूंत अर्थपूर्ण फरक पडला नाही. पोषणाचा वेगळा अहवाल रोको आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दिला. काळ जाईल तसे रुग्णांचे अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन आणि वजन घसरत गेले, आणि वाढीव मात्रेने ती घसरण थांबली नाही. पूर्वपक्षाच्या साखळीप्रमाणे वाढीव गटाची भूक उघडायला हवी होती, ताट भरायला हवे होते, अंग धरायला हवे होते. तसे घडले नाही.

पोटाच्या डायलिसिसची कथा तर याहून बोलकी. कॅनडा आणि अमेरिकेतल्या ६८० रुग्णांच्या कॅन्युसा अभ्यासाने १९९६ मध्ये सांगितले की आठवड्याचा केटी/व्ही ०.१ ने वाढला की मृत्यूचा धोका पाच टक्क्यांनी कमी असतो. जगभर पोटात सोडायच्या द्रावणाच्या पिशव्या वाढल्या, पिशव्यांचे आकारमान वाढले. पाच वर्षांनी बार्गमन, थॉर्प आणि मूळ अभ्यासाचेच प्रमुख चर्चिल यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. एकूण केटी/व्हीचे दोन भाग केले : पिशव्यांनी काढलेला युरिया आणि स्वतःच्या मूत्रपिंडांनी काढलेला. सगळा फायदा दुसऱ्या भागात सापडला. रोजची लघवी २५० मिलिलिटरने जास्त असेल तर मृत्यूचा धोका ३६ टक्के कमी. पिशव्यांच्या वाढीव मात्रेला मात्र काहीच श्रेय नाही. मेक्सिकोतल्या ९६५ रुग्णांच्या अडेमेक्स चाचणीत पिशव्यांची मात्रा मुद्दाम वाढवली गेली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांत जगलेल्यांचे प्रमाण ६८-६९ टक्के, सारखेच. स्वतःचीच माहिती पुन्हा उलगडून जुना निष्कर्ष बदलण्याची चर्चिल यांची ही वृत्ती मला फार मोलाची वाटते. आपल्या क्षेत्रात ती अधिक दिसायला हवी.

आठवड्यातून सहा वेळा रक्ताचे डायलिसिस करून पाहणारी उत्तर अमेरिकेतली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. वारंवार डायलिसिसचा हृदयाला फायदा दिसला, आणि तो महत्त्वाचा आहे. अल्ब्युमिन मात्र वाढले नाही.

असे का व्हावे? कारण वाळण्याची कारणे अनेक आहेत आणि युरिया हे त्यांतले सर्वांत छोटे असावे. डायलिसिस स्वतःच काही घेऊन जाते. रक्ताच्या एका डायलिसिसमध्ये सुमारे ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले वाहून जातात. पोटाच्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने पिशवीतून निघून जातात, आणि पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराचा दाह, झाला की त्याहून कितीतरी जास्त. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या इकिझलर यांच्या चमूने २००२ मध्ये दाखवले की डायलिसिस चालू असताना स्नायूंचे विघटन वाढते आणि सुया काढल्यानंतर दोन तासांपर्यंतही ते चालू राहते. त्याच वेळी शिरेतून पोषण दिले तर शरीर प्रथिने गमावण्याऐवजी जमा करू लागते, हेही त्यांनीच दाखवले. म्हणजे उपाय होता तो पोषणाचा, मात्रेचा नव्हे. याशिवाय रक्तातली आम्लता : तिने पेशींतली प्रथिने मोडणारी यंत्रणाच जागी होते. आणि दाह. बराच काळ ठेवलेले कॅथेटर, किडके दात, बंद पडलेला जुना ग्राफ्ट, मधुमेहाच्या पायाची जखम, क्षयरोग, यांतून धुमसणारा दाह यकृताला अल्ब्युमिन बनवू देत नाही आणि मेंदूला भूक लागू देत नाही. दाहाचे आणि भूक मारणारे बरेचसे रेणू युरियापेक्षा कितीतरी मोठे असतात. युरिया झपाट्याने निघतो म्हणून तेही निघाले असतील असे धरता येत नाही.

आता एका गैरवापराला आधीच आडवे जाणे भाग आहे. मात्रा वाढवून पोषण सुधारत नाही, हे वाचून कोणी म्हणेल, मग आठवड्यातून दोनदाच पुरे, तीन तासच पुरे. हेमोमध्ये तुलना १.३ आणि १.७ यांची होती, ०.८ आणि १.३ यांची नव्हती. त्याआधीच्या १९८१ च्या अभ्यासाने अपुऱ्या डायलिसिसचे नुकसान दाखवलेच आहे. हाँगकाँगच्या ३२० रुग्णांच्या चाचणीतही पोटाच्या डायलिसिसचा साप्ताहिक केटी/व्ही १.७ च्या खाली गेला तेव्हा जगण्यात फरक पडला नाही, पण त्रास आणि रक्तक्षय वाढला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यासाठी केटी/व्हीचे लक्ष्य १.४ आणि किमान १.२, ही २०१५ ची अमेरिकी मार्गदर्शिका मी प्रमाण मानतो. महाराष्ट्रात पैशांअभावी, अंतरामुळे, मजुरी बुडते म्हणून असंख्य रुग्ण आठवड्यातून दोनदाच येतात. त्यांतल्या ज्यांना लघवी बरी होते त्यांचे काही काळ निभते. ज्यांची लघवी बंद झाली आहे, त्यांचे डायलिसिस वाढवलेच पाहिजे. त्यांच्याबाबतीत पूर्वपक्ष शब्दशः खरा आहे. किमान मात्रा हा रुग्णाचा हक्क आहे, आणि माझ्या खंडनातून त्याला कात्री लागणार असेल तर ते खंडन मी मागे घेईन.

पण किमान मात्रा मिळालेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये पुढे काय दिसते? या समजाचे एक जुळे भावंड आपल्याकडे घरोघरी आहे : युरिया कमी तेवढे चांगले. डायलिसिस सुरू होण्याआधी रुग्णाला प्रथिने कमी करायला सांगितलेली असतात, आणि त्या टप्प्यावर ते बरोबर असते. डायलिसिस सुरू झाल्यावर ते पथ्य उलटवायचे असते. हे त्याला कोणी सांगतच नाही. डाळ बंद, कडधान्ये बंद, दूध बंद, मटण-मासे तर केव्हाच बंद. मग डायलिसिसआधीचा युरिया ७० येतो आणि घरचे समाधानाने म्हणतात, पथ्य लागू पडले. वास्तविक १९८१ च्या त्याच अभ्यासाच्या फेरमांडणीत, ज्यांचा प्रथिनांचा दर दर किलोला ०.८ ग्रॅमच्या खाली होता, ते रुग्णही जास्त संख्येने ढासळले होते. न खाल्ल्यामुळे उतरलेला युरिया ही धोक्याची खूण आहे, हे ज्या दिवशी केटी/व्ही जन्मला त्याच दिवशी कळलेले होते.

एका साध्या ताटाचा हिशेब मांडतो. ५५ किलोचा शाकाहारी माणूस. दिवसात पाच पोळ्या, १५ ग्रॅम प्रथिने. दोन वाट्या भात, ६. एक वाटी पातळ वरण, ४. भाजीतून ३. चहातल्या दुधातून ३. एकूण ३१ ग्रॅम. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शिकेप्रमाणे डायलिसिसवरील रुग्णाला दर किलोला १.० ते १.२ ग्रॅम, म्हणजे या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम हवीत. हा माणूस निम्म्यावर आहे. शिवाय सोमवार आणि चतुर्थीला साबुदाणा, ज्यात प्रथिने जवळपास नाहीतच. डायलिसिसच्या दिवशी पहाटेची एसटी, येता-जाता उपाशी, आणि मशीनवर असताना बीपी पडेल म्हणून खायला मनाई. अशा माणसाचा केटी/व्ही १.३ वरून १.६ वर नेऊन त्याच्या ताटात एक ग्रॅमही पडत नाही.

तेच ताट बदलून पाहा. पातळ वरणाच्या जागी दोन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ : एकूण ४०. दुपारी दह्याची वाटी : ४५. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांचा पांढरा भाग : ५२. पनीरचा ५० ग्रॅमचा तुकडा : ६१. मासे खाणारा असेल तर पनीरऐवजी बांगड्याचा किंवा सुरमईचा एक तुकडा. फॉस्फरसची भीती दाखवून हे सगळे अडवले जाते. अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात आणि फॉस्फरस नगण्य. डाळी-कडधान्यांतला फॉस्फरस फायटेटच्या रूपात असल्याने आतड्यातून निम्म्याच्या आसपासच किंवा त्याहून कमी शोषला जातो. बाटलीबंद काळ्या पेयांत आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांत घातलेला फॉस्फेट मात्र जवळपास पूर्ण शोषला जातो. तेव्हा बंदी घालायची तर तिथे घाला, आणि जेवणाबरोबर फॉस्फेट बांधणारी गोळी द्या. पोटॅशियम ज्यांचे चढते, त्यांनी उसळीचे कडधान्य भिजवून, उकळून, पहिले पाणी टाकून द्यावे. प्रथिनांबरोबर उष्मांकही पुरे पडले पाहिजेत, दर किलोला २५ ते ३५. नाहीतर खाल्लेले प्रथिन शरीर सरपणासारखे जाळून टाकते. भात, पोळी, तेल, तूप यांना कारण नसताना हात लावू नये.

हे करूनही जेवण जात नसेल तर कारण शोधायचे : बायकार्बोनेट २२ च्या खाली आहे का, कॅथेटर किती दिवस आहे, दात कसे आहेत, मन खचले आहे का, पंधरा गोळ्यांतली कोणती मळमळ आणते. आणि उरलेली लघवी जपायची. अंग दुखते म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी ती लघवी बंद करू शकते, आणि तिची किंमत किती, ते कॅन्युसाच्या फेरतपासणीने सांगितले आहे.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवतो. पूरक आहाराने आयुष्य वाढते हे मोठ्या चाचणीने निर्विवाद सिद्ध केलेले नाही. फ्रान्समधल्या १८६ रुग्णांच्या फाइन चाचणीत तोंडाने पूरक आहार घेणाऱ्यांना वर शिरेतूनही पोषण दिले, तर त्याचा जादा लाभ झाला नाही. पण त्याच चाचणीत पोषणाची मापे सुधारलेल्या रुग्णांचे जगणेही चांगले राहिले. मात्रावाढीचा मार्ग करून पाहिला आणि तो पोषणापर्यंत पोचला नाही; तोंडाने खाऊ घालण्याचा मार्ग स्वस्त आहे, निर्धोक आहे आणि शरीरात प्रथिने जमा करतो. दोहोंत निवड करायची तर मला शंका वाटत नाही.

२०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून गरिबांना डायलिसिस मिळते. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी मशीन पोचली, हजारोंचे प्राण वाचले, आणि याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी. पण हिशेब झाला तो सत्रांचा. युनिटमध्ये आहारतज्ज्ञाची खुर्ची क्वचितच असते, आणि असली तरी पथ्याचा छापील कागद देण्यापुरती.

म्हणून मूत्रपिंडतज्ज्ञांना आणि युनिट चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे. दर महिन्याच्या केटी/व्हीशेजारी चार नोंदी करा : सूज उतरल्यानंतरचे वजन, हाताच्या पकडीची ताकद, बायकार्बोनेट, आणि रुग्णाने काल दिवसभरात काय खाल्ले ते त्याच्याच शब्दांत. डायलिसिस चालू असताना, बीपी स्थिर असलेल्या रुग्णाला दोन उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग किंवा दह्याची वाटी खाऊ द्या. आणि रुग्णांच्या घरच्यांनो, डायलिसिस सुरू होण्याआधीचा पथ्याचा कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला असेल, तर तो आजच काढा, डॉक्टरांकडे घेऊन जा आणि नवा लिहून मागा.